साबण कारखान्यातली सासू

नोकरीतून सुटल्यावर माणसं डोंगरावर जातात, समुद्रावर जातात, निदान लेकीकडे जाऊन तिच्या संसारात लुडबुड तरी करतात. टेलिफोनबाईंच्या वाट्याला सिमेंटची भट्टी आली. तीही बंद पडलेली.

टेलिफोनबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण उभं आयुष्य एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून "थांबा, जोडून देते" म्हणण्यात गेलेल्या बाईला गल्लीनं दुसरं नाव द्यायचं तरी काय. आवाज असा, की चुकीचा नंबर लागलेला माणूससुद्धा आभार मानून फोन ठेवायचा. तिथला एक धडा बाईंच्या हाडीमाशी मुरला होता. पलीकडच्याला ताटकळत ठेवायचं नाही. उत्तर माहीत असो वा नसो, काहीतरी द्यायचं, आणि असं द्यायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंना सगळं ठाऊक आहे.

त्यांचे नवरोबा लिफ्ट तपासनीस होते. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट वरखाली फिरवून बघायच्या, दोरखंडांना हात लावायचा, आणि शेवटी 'ठीक आहे' असा शेरा मारून सही करायची, हे त्यांचं काम. घरीही तोच शेरा चालायचा. जेवण कसं झालंय, तर ठीक आहे. पडदे बदलले, तर ठीक आहे. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात पाळण्यात वाकून बघून हे गृहस्थ तेच म्हणाले होते. सही तेवढी केली नाही.

सगळा उत्साह त्यांनी बंद पडलेल्या कारखान्यांसाठी राखून ठेवला होता. नोकरीत असताना सुट्टीपुरता असलेला हा आजार निवृत्तीनंतर पूर्णवेळ झाला. देशात जिथे म्हणून एखादं गंजकं चाक 'वारसा' म्हणून जपून ठेवलं होतं, तिथे हे पोचले, आणि पाठोपाठ पिशवी सांभाळत बाई पोचल्या. दोरखंडाचा कारखाना झाला, चुनाभट्टी झाली, गॅसची भलीमोठी टाकी झाली. कातडी कमावण्याचा कारखाना झाला, तिथे तर मूळचा वासही जपला होता. बाईंना नवल वाटायचं. हे कारखाने चालू होते तेव्हा माणसं पोटापाण्याला नाइलाजानं आत जायची आणि भोंगा वाजला की जीव घेऊन बाहेर पळायची. आता तीच जागा बघायला लोक तिकीट काढून रांगेत उभे राहत होते, आणि बाहेर पडताना धुराड्याचं चित्र छापलेला कप विकत घेत होते.

नवरोबांची बघायची एक रीत होती. प्रत्येक पाटी वाचायची. मग पाटीवर लिहिलेली वस्तू बघायची. मग पाटी बरोबर आहे ना, म्हणून पुन्हा वाचायची. माहिती सांगणारा माणूस भेटला की त्याच्या बोलण्यात "माफ करा हं, पण" असं म्हणून शिरायचं. त्या 'पण'नंतर काय व्हायचं हे बाईंना पाठ होतं. सांगणाऱ्याचा चेहरा उतरायचा, बाकीचे लोक हळूहळू कॉफीच्या दिशेनं सरकायचे, आणि नवरोबा एकटेच झडपांच्या मापांवर बोलत राहायचे.

"तुला कंटाळा नाही ना आला?" वर्षाकाठी एखाद्या वेळी ते विचारायचे.

"छे हो. चुना इतका छान असतो, मला माहीतच नव्हतं," बाई म्हणायच्या.

नवरोबांना हे खरं वाटायचं. पाटीवरच्या अक्षरांना शंका विचारणारा हा माणूस, बायकोनं दिलेलं उत्तर मात्र तपासून बघत नसे.

अशा रीतीनं फिरत फिरत दोघं एकदा साबणाच्या कारखान्यात आले. बसनं घरापासून तासाभराची वाट, पण इतके दिवस तो दुरुस्तीसाठी बंद होता. आता सगळी डागडुजी होऊन चकाचक झाला होता. चालू असताना तो इतका स्वच्छ कधीच नसणार. नवरोबांनी बॉयलर पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. पलंगाएवढ्या रुंद नळ्या, वाफेचा दाब दाखवणारी पितळेची घड्याळं, लोखंडी शिडी. आता संध्याकाळपर्यंत हे इथून हलत नाहीत, हे बाईंनी ओळखलं.

"मी जरा पुढे बघून येते," त्या म्हणाल्या.

"हं," नवरोबा बॉयलरला म्हणाले.

बाईंचे पाय दुखत होते. कारखान्यांचा एक दोष असा की ते बसायला बांधलेले नसतात. कामगाराला बसू द्यायचं नाही हाच मूळचा उद्देश होता, आणि वारसावाल्यांनी तोही नीट जपला होता. मागच्या अंगाला कामगारांच्या खोल्यांची रांग होती. त्यातली एक खोली जुन्या काळासारखी मांडून ठेवली होती. लोखंडी खाट, चूल, तिच्यावर किटली, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि खिडकीशी एक लाकडी खुर्ची. समोर आडवी दोरी बांधलेली होती, पण तिचा आकडा कुणीतरी काढून ठेवला होता. बाईंनी इकडेतिकडे बघितलं, आत गेल्या, खुर्चीवर टेकल्या, एक बूट काढला आणि पायाला मलम चोळायला घेतलं. बरं वाटल्यावर पिशवीतून विणकाम काढलं.

तेवढ्यात एक कुटुंब दारात आलं. बायको, नवरा, म्हातारे वडील. तिघंही बाईंकडे बघत उभे राहिले.

"खरी आहे की मेणाची?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सुया हलतायत, बाबा," मुलगा म्हणाला.

मग त्याची बायको अदबीनं पुढे झाली. "तुम्ही इथेच राहायचात का?"

आता खरं सांगायचं तर 'नाही हो, पाय दुखत होते' एवढंच म्हणून मोकळं होता आलं असतं. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण इतकीही नाही की इथे नांदलेली बाई जिवंतच असू नये. समोरची बाई उत्तराची वाट बघत होती. आणि पलीकडच्याला ताटकळत ठेवायची बाईंना सवय नव्हती.

"हो," त्या म्हणाल्या. "याच खोलीत."

"एवढ्याशा खोलीत? किती माणसं होतात?"

"आठ माणसं," बाईंनी टाका घातला, "आणि सासू."

ती बाई हसली आणि लगेच गंभीर झाली, कारण टेलिफोनबाई हसत नव्हत्या. मग बाईंनी सासू सांगितली. ती रोज रात्री दारात आडवी झोपायची, म्हणजे पगाराच्या दिवशी कुणी मुलगा गुपचूप बाहेर पडू नये. तिला ओलांडल्याशिवाय विहिरीवरसुद्धा जाता येत नसे. विहीर होती की नळ, हे बाईंना माहीत नव्हतं, पण विहीर ऐकायला बरी वाटली. साबण करणाऱ्यांच्या घरात साबण कसा नसायचा, हे सांगितलं. अंगाचा वास जात नाही म्हणून लेकी माहेरपण करून परतल्या की जावई नाक मुरडायचे, हेही सांगितलं. म्हातारेबाबा भिंतीला टेकून डोळे पुसायला लागले. दारात आणखी माणसं जमली.

"आणि तुमचे मालक? ते काय करायचे?"

"बॉयलरवर," बाई म्हणाल्या.

"आता आहेत का?"

"आहेत की. तिकडे बॉयलरच बघत असतील."

हे तर अक्षरशः खरं होतं.

गर्दी पांगल्यावर एक तरुण बाई मागे राहिली. गळ्यात ओळखपत्र. ती या वारसास्थळाची संचालिका होती. आता दोरीच्या आत बसल्याबद्दल बोलणी खावी लागणार म्हणून बाईंनी घाईघाईनं बूट चढवला. पण संचालिकेच्या तोंडावर साधारण देव भेटल्याचा भाव होता. साबणाच्या कढया बघायला कुणी येत नव्हतं, अनुदान बंद करण्याची भाषा वरून सुरू झाली होती, आणि इथे एक बाई बसल्या बसल्या माणसं रडवत होती.

"तुम्ही शनिवार-रविवार येऊन बसाल का? फक्त असंच बोलायचं. तुम्ही इथल्याच ना?"

"तशी इथलीच म्हणायची," बाई म्हणाल्या.

संचालिकेनं पुढे काही विचारलं नाही. वारसा जपणाऱ्यांना कुठे खणायचं आणि कुठे खणायचं नाही, याची चांगली समज असते.

नवरोबांना बाईंनी एवढंच सांगितलं की तिथे बसून विणायचं, आलेल्यांशी दोन शब्द बोलायचे, असं काम आहे. नवरोबा सद्गदित झाले. इतक्या वर्षांच्या संगतीचा अखेर गुण लागला, असं त्यांना वाटलं. "मी म्हणायचो ना, एकदा गोडी लागली की सुटत नाही," ते म्हणाले, आणि जाताना वाचायला म्हणून त्यांनी बाईंना बॉयलरच्या सुरक्षिततेवरचं एक जाडजूड पुस्तक दिलं. बाईंनी ते खुर्चीवर उशीसारखं वापरलं. उंची अगदी बरोबर आली.

बघता बघता बाईंचं नाव झालं. वर्तमानपत्रात फोटो आला, शाळांच्या सहली यायला लागल्या. सासूला तर लोक नावाजायलाच लागले. बाईंनी तिला हळूहळू भरत नेलं होतं. एका डोळ्यानं अधू केलं, हातात किल्ल्यांचा जुडगा दिला, आणि कुणी फारच कळवळलं तर त्या तिची एक मायेची बाजूही दाखवत. संचालिकेनं उंबऱ्याशी एक जुनी गादी आडवी टाकली आणि भिंतीवर पाटी लावली: 'सासूची जागा. कामगार कुटुंबांत ज्येष्ठ स्त्री दारात झोपत असे.' पाटीला काच होती, खाली छोटा दिवा होता. आता ते खोटं आहे असं म्हणायची कुणाची छाती होती.

एका रविवारी रात्री लेक-जावई जेवायला आले होते. नवरोबा मधेच कधीतरी एकटे जाऊन साबण कारखान्याच्या पाट्या वाचून आले होते.

"तुम्हाला ठाऊक आहे का," ते जावयाला म्हणाले, "साबण कामगारांच्या घरात सासू दारात आडवी झोपायची. पगार राखायला. समाजरचनेच्या दृष्टीनं फार मोलाची गोष्ट आहे."

लेकीनं घास हातात धरून आईकडे बघितलं. तिनं आईचा वर्तमानपत्रातला फोटो पाहिला होता, आणि आईचा संसार कुठल्या गल्लीत झाला हेही तिला माहीत होतं.

"कुठे वाचलंत, बाबा?"

"पाटीवर आहे," नवरोबा म्हणाले. विषय संपला.

भांडी विसळताना लेकीनं विचारलं, "आई, हे काय चाललंय तुझं?"

"अगं, विचारतात तर सांगते," बाई म्हणाल्या. मग नळ बंद करून, "कुणी विचारतं गं. मला आवडतं."

लेकीनं पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं. तिनंही आईला कधी विशेष काही विचारलं नव्हतं.

व्हायचं ते पुढे झालं. नवरोबांचं एक टोळकं होतं. गंजलेल्या वस्तूंवर जीव टाकणारे तीन-चार निवृत्त सज्जन. गल्लीत त्यांना 'गंजमंडळ' म्हणत. हे मंडळ एका रविवारी बॉयलर बघायला आलं, आणि "खोल्यांत एक अस्सल बाई बसते म्हणे" असं ऐकून खोलीकडे वळलं. नवरोबा अभिमानानं पुढे होते. आत गर्दी होती म्हणून सगळ्यांच्या मागे, सासूच्या गादीशी उभे राहिले.

टेलिफोनबाई तेव्हा मालकांबद्दल सांगत होत्या. मान खाली, सुया चालू.

"बॉयलरला कान लावून बसायचे. त्याच्या श्वासावरून त्यांना कळायचं, कुठे दुखतंय ते. नवीन संसार होता. मी तापानं फणफणले होते, चांगली आठवडाभर. एक दिवस ते कामावरून आले, खाटेवर टेकले. मला वाटलं, कपाळाला हात लावून बघतील. तर म्हणाले, आज त्याला फार ताप चढला होता, मोठ्या मुश्किलीनं उतरवला. मी म्हटलं, कुणाला? तर म्हणे बॉयलरला."

लोक हसले. नवरोबा हसले नाहीत. त्या आठवड्यात बॉयलर नव्हता. मोठ्या दवाखान्याची लिफ्ट होती, तिची मोटार तापत होती, आणि ती खाट त्यांच्याच घरातली होती.

"तुम्ही काही बोलला नाहीत त्यांना?" एका बाईनं विचारलं.

"काय बोलणार. वाईट नव्हते हो. मारलं नाही, दारू नाही, आवाज चढवला नाही. नुसते कधी माझ्याकडे वळलेच नाहीत. मीही 'छान आहे, छान आहे' करत राहिले. माझीही चूकच." बाईंनी लोकरीचा गुंता सोडवायला मान वर केली, आणि त्यांना दारात नवरोबा दिसले.

बाईंचा टाका सुटला. हा माणूस आता "माफ करा हं, पण" म्हणणार, हे त्यांना दिसत होतं.

"माफ करा हं, पण," नवरोबा म्हणाले. सगळे वळले. त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत लागला नव्हता. "त्या माणसाला... म्हणजे तुमच्या मालकांना, कदाचित विचारायचं सुचलं नसेल. यंत्राचं कळतं कुठे दुखतंय ते. माणसाचं तसं..."

"बॉयलरला विचारायचे की रोज," बाई म्हणाल्या.

"बॉयलरला घड्याळं असतात."

"अहो काका," मघाची ती बाई तडकली, "त्यांनी भोगलंय ते. तुम्ही काय चार पुस्तकं वाचून आलात आणि त्यांनाच शिकवताय? बोलू द्या त्यांना." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. गंजमंडळातल्या एकानं नवरोबांची बाही ओढली. आयुष्यात पहिल्यांदाच माहितीच्या कारणावरून नवरोबांना गप्प करण्यात आलं, आणि तेसुद्धा या विषयातला सगळ्यात मोठे जाणकार तेच एक असताना.

घरी जाताना बसमध्ये नवरोबा खिडकीकडे बघत म्हणाले, "माझी आई कधी दारात झोपली नाही."

"नाही झोपली."

"मग ती पाटी खोटी आहे."

"ती खोटीच आहे," बाई म्हणाल्या. "बाकीचं तुम्ही ठरवा."

नवरोबांनी पाटीपुरतं ठरवलं. चुकीची पाटी तशीच सोडून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच संचालिकेकडे गेले आणि सरळ सांगून टाकलं. ही बाई माझी पत्नी आहे, ती इथे कधी राहिली नाही, सासू काल्पनिक आहे, गादी काढून टाका.

संचालिकेनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं.

"काका, पाटी दोन भाषांत करायला दिलीय. पुढच्या वर्षीचं अनुदान सासूवर आलंय. आणि एक विचारू? तुम्ही एवढं आमचं सगळं बघितलंत. बॉयलरपाशी लोक सरासरी किती थांबतात, तुमचा अंदाज काय?"

नवरोबांनी अंदाज सांगितला नाही. त्यांना तो होता.

"त्या खोलीतून लोक बाहेर पडतात ना, ते घरी फोन करतात," संचालिका म्हणाली. "मी कितीदा बघितलंय. आईला, बायकोला. आता पाटी काढा म्हणता तर काढते. पण मग काकूंनाही यायला नको सांगावं लागेल. ते तुम्ही सांगणार की मी?"

नवरोबा बराच वेळ टेबलाची कड तपासत बसले. मग म्हणाले, "निदान 'असावी' लिहा. 'झोपत असे' नको. 'काही घरांत झोपत असावी' असं लिहा."

"ते करू," संचालिका म्हणाली. पुढे ते कुणी केलं नाही. पण तिला आणखी एक कल्पना सुचली होती. काकूंचे मालक हयात आहेत हे सगळ्या पाहुण्यांना ठाऊक होतं, आणि जो तो त्यांना बघायला मागत होता.

त्या रविवारी नवरोबा खाटेच्या कडेला बसले. अंगावर संचालिकेनं दिलेला जुना कोट, हातात जुनं वर्तमानपत्र. अट एकच, बोलायचं नाही. मालक कधी बोलले नाहीत, असं बाईंनी आधीच जगाला सांगून ठेवलं होतं. कोट काखेत घट्ट होता आणि वर्तमानपत्रातली एक बातमी साफ चुकीची होती, पण नवरोबांनी तोंड उघडलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचं बोलणं सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलग ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ होती. दुसरीकडे जायला वाटही नव्हती. दारात सासूची गादी होती, आणि तिच्या पलीकडे रांग.

ऐकताना त्यांच्या लक्षात यायला लागलं, की यातलं बरंचसं बाईंनी रचलेलं आहे, आणि जे रचलेलं नाही ते आपल्याला माहीत नव्हतं. मुलीच्या जन्माच्या वेळी बाईंना किती भीती वाटली होती. एक्स्चेंज बंद झालं त्या दिवशी त्या घरी न येता बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आल्या होत्या. खोट्या विहिरीच्या आणि खोट्या दिरांच्या मधे ते सगळं पेरलेलं होतं. कुठलं कुठे, हे ओळखायला एकही पाटी नव्हती.

दुपारनंतर तापाची गोष्ट आली. लोक नेहमीच्या जागी हसले. एका म्हाताऱ्या बाईनं खाटेकडे वळून विचारलं, "काय हो, खरं का हे?"

नवरोबांनी बायकोकडे बघितलं. बोलायची मनाई होती. बाई सुयांकडे बघत राहिल्या, पण त्यांनी थांबवलं नाही.

"दुसऱ्या दिवशी मी चहा करून दिला होता," नवरोबा म्हणाले. "ते या नेहमी सांगायचं विसरतात. पहिल्यांदाच केला होता. साखर जास्त झाली असेल."

"मीठ होतं," बाई म्हणाल्या.

"मग प्यालीस कशी?"

"तुम्ही उभे होतात समोर. कपाकडे बघत."

"मला म्हणालीस छान झालाय."

"हो," बाई म्हणाल्या.

नवरोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली, ती गुडघ्यावर दाबून सरळ केली आणि पुन्हा उलगडली. दारातून संचालिकेनं पुढच्या गटाला आत यायची खूण केली. बाईंनी लोकरीचा गुंडा पायाशी ओढून घेतला, आणि नव्या लोकांपैकी कुणीतरी काही विचारायच्या आतच, नवरोबा अंग चोरून खाटेवर थोडे खिडकीच्या बाजूला, बाईंच्या खुर्चीकडे सरकले.